ठेवलेले वाचता आले पाहिजे

जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपल्या घरांतून बहुधा दोन रीती आढळतात. काही घरांत वस्तू जुनी झाली की ती मोडीत निघते. काही घरांत ती माळ्यावर चढते आणि तेथेच विसरली जाते. तांब्याच्या हंड्याचे ह्या दुसऱ्या रीतीने फारसे बिघडत नाही. पन्नास वर्षांनी खाली काढला आणि चिंचेने घासला, की तो पुन्हा पाणी धरतो. आजोबांच्या हातची हिशेबाची वही कसरीने खाल्ली नसेल तर उघडताक्षणी वाचता येते. परंतु गेल्या काही दशकांत माणसाने लिहून ठेवण्याची आणखी एक रीत स्वीकारली आहे, आणि तिला हा न्याय लागू पडत नाही. संगणकाच्या फ्लॉपी डिस्कवर लिहिलेले डोळ्यांना दिसत नाही. ते वाचावयाचे तर तिच्या जातीचा ड्राइव्ह हवा, त्या ड्राइव्हला संगणकाशी जोडणारी केबल हवी, आणि दोघांचे बोलणे एकमेकांस समजेल अशी मांडणीही हवी. ह्यांतील एक दुवा निखळला की डिस्क शाबूत असूनही मुकी होते.

म्हणून जुन्या घरगुती संगणकाला साठवणीचे ड्राइव्ह कसे जोडावेत, ह्या वरवर केवळ हौशी लोकांच्या वाटणाऱ्या विषयाचा आज आम्ही थोडा विस्ताराने परामर्श घेणार आहोत. उदाहरणासाठी इंग्लंडचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक घेतला आहे. त्याची रचना उघडी आणि समजण्याजोगी आहे. शिवाय आपल्या देशाशीही त्याचा संबंध आलेला आहे.

हा संगणक केंब्रिज येथील अकॉर्न कंपनीने तयार केला आणि डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने म्हणजे बीबीसीने सामान्य लोकांना संगणकाची ओळख करून देण्याची एक मोहीम हाती घेतली होती. तिच्यातील दूरचित्रवाणीवरील पाठांना जोड म्हणून हे यंत्र निवडले गेले. त्यातील मुख्य चिप ६५०२ ह्या क्रमांकाची होती, आणि ‘मॉडेल बी’ची स्मृती होती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधील एक लहानसे छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही. तरीही ब्रिटनमधील शाळांतून हे यंत्र सर्वत्र पोचले. भारत सरकारने १९८४-८५ साली ‘क्लास’ नावाची योजना काढून सुमारे २५० माध्यमिक शाळांतून संगणकाचे शिक्षण सुरू केले, तेव्हा त्या शाळांतही हेच यंत्र बसविण्यात आले. आज मध्यम वयाच्या पुढे गेलेल्या कित्येकांनी आयुष्यातील पहिला कीबोर्ड पाहिला तो ह्याच यंत्राचा.

विकत घेतलेल्या मूळ यंत्राबरोबर डिस्क ड्राइव्ह येत नसे. प्रोग्राम साठवावयाचा तो साध्या कॅसेटवर, गाणी ऐकण्याच्या टेपरेकॉर्डरने. कॅसेटचा वेग सेकंदाला १,२०० बिट एवढाच असल्यामुळे ३० किलोबाइटचा प्रोग्राम आत यावयास चार-पाच मिनिटे लागत, आणि शेवटच्या क्षणी टेप अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागे. डिस्कवर हाच वेग सेकंदाला १,२५,००० बिट, म्हणजे सुमारे शंभरपट झाला. त्याहून महत्त्वाचे हे की हवी ती नोंद थेट जाऊन काढता येऊ लागली. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी आधीची सारी टेप गुंडाळीत बसण्याचे कारण उरले नाही.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. पहिले पाऊल ड्राइव्हचे नव्हे, विजेचे आहे. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र खाली काढून थेट विजेला लावू नये. ह्या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत वीज शिरते त्या ठिकाणी कागदी घडणीचे कॅपॅसिटर आहेत. त्यांच्या पारदर्शक कवचाला कालांतराने बारीक तडे जातात, त्यांतून दमट हवा आत शिरते, आणि बटण दाबल्यावर काही मिनिटांतच ते फुटून खोलीभर उग्र धूर होतो. एवढ्याने संगणक बहुधा दगावत नाही. परंतु विजेच्या बाबतीत ‘बहुधा’ ह्या शब्दावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. हे कॅपॅसिटर आधीच बदलून घ्यावेत, आणि ते काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. बंद पेटीतही विजेचा धक्का देण्याइतका भार काही काळ शिल्लक राहू शकतो, हे घरातील मुलांना मुद्दाम सांगून ठेवावे.

दुसरे पाऊल म्हणजे आपल्या यंत्रात डिस्क चालविण्याची सोय आहे की नाही, हे पाहणे. ‘मॉडेल बी’च्या तळाशी डिस्कचे तोंड असतेच, परंतु त्यामागची यंत्रणा वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावी लागे. त्या यंत्रणेत इंटेलची ८२७१ ही नियंत्रक चिप, तिच्या साहाय्यास आणखी काही चिपा, आणि ‘डीएफएस’ नावाचा डिस्क-व्यवस्थेचा प्रोग्राम साठविलेली एक रॉम असे. पुढे ८२७१ महाग आणि दुर्मिळ झाल्यावर १७७० ही नवी चिप वापरात आली. झाकण न उघडता ह्याची परीक्षा करता येते. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर यंत्राच्या नावाखाली ‘अकॉर्न डीएफएस’ अशी किंवा दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या डीएफएसची ओळ उमटली, तर सोय आहे असे समजावे. केवळ ‘बेसिक’ एवढेच उमटले, तर ती बसवून घेतल्यावाचून कितीही उत्तम ड्राइव्ह आणला तरी उपयोग नाही.

तिसरे पाऊल केबलचे. ड्राइव्हसाठी ३४ तारांची चपटी रिबन केबल लागते आणि ती संगणकाच्या तळाशी, पुढच्या कडेला लावावयाची असते. येथे एक धोका आहे. त्याच कडेला ‘१ मेगाहर्ट्झ बस’ नावाचे दुसरे तोंड असून तेही नेमके ३४ टाचण्यांचेच आहे. डिस्कची केबल त्यातही सहज बसते. दोन्ही तोंडांवर नावे कोरलेली आहेत. यंत्र उलटे करून ती डोळ्यांनी वाचल्याखेरीज केबल दाबू नये. केबलच्या एका कडेच्या तारेवर रंगीत, बहुधा लाल रेघ असते. ती पहिल्या क्रमांकाच्या टाचणीची बाजू होय. सव्वापाच इंची ड्राइव्हच्या मागील पट्टीला एका टोकाजवळ एक खाच असते. लाल रेघ त्या खाचेच्या बाजूस यावी. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सुरू करताक्षणीच लागतो आणि विझत नाही. असे दिसल्यास घाबरू नये, वीज बंद करून केबल सुलटी करावी. परंतु त्या वेळी आत डिस्क असू नये. जोडणी तपासताना ड्राइव्ह रिकामा ठेवावा, हा नियम कटाक्षाने पाळावा.

ड्राइव्हला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशी दोन प्रकारची वीज लागते. संगणकाच्या तळाशी मागच्या बाजूस त्यासाठी वेगळे तोंड दिलेले आहे. एका ड्राइव्हला ते पुरते; दोन जुने, जड ड्राइव्ह लावावयाचे असतील तर त्यांना स्वतंत्र वीजपुरवठा असलेला बरा. कोणतीही केबल लावताना किंवा काढताना यंत्र बंदच असले पाहिजे.

आता आपण विषयाच्या गाभ्याशी आलो आहोत. दोन ड्राइव्ह एकाच केबलवर, एकामागून एक असे जोडले जातात. म्हणजे संगणकाने दिलेली प्रत्येक हाक दोघांच्याही कानी पडते. मग ती कोणासाठी आहे, हे कळावे कसे? ह्यासाठी प्रत्येक ड्राइव्हला आपला क्रमांक सांगून ठेवावा लागतो. ड्राइव्हच्या मंडलपट्टीवर टाचण्यांच्या जोड्या ओळीने उभ्या असतात. त्यांच्याजवळ ‘डीएस ०’, ‘डीएस १’, ‘डीएस २’, ‘डीएस ३’ अशी अक्षरे असतात. काही कंपन्या हेच क्रमांक १ ते ४ असे लिहितात. ह्यांतील एका जोडीवर जंपर नावाचे इवलेसे टोपण बसवावयाचे असते. पहिल्या ड्राइव्हला शून्य, दुसऱ्याला एक, अशी ही मोजणी होते. संगणक शून्यापासून मोजतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

एकाच वाड्यात आंतोन नावाचे दोन मुलगे असावेत आणि कोणी अंगणातून ‘आंतोन’ अशी हाक मारावी, तर दोघेही ओ देतात आणि कोणाचेच बोलणे धड ऐकू येत नाही. दोन्ही ड्राइव्हना एकच क्रमांक दिल्यास हेच घडते. दोन्ही दिवे एकदम लागतात आणि वाचलेला मजकूर एकात एक मिसळून निरर्थक होतो. येथवर केवळ गैरसोय आहे. परंतु अशा स्थितीत लिहिण्याची आज्ञा दिली, तर दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिले जाते आणि ज्या डिस्कला हात लावावयाचा नव्हता तिच्यावरील जुना मजकूर कायमचा पुसला जातो. मोटारीला चालना देणारी तार सामायिक असल्याने बहुधा दोन्ही मोटारी एकदम फिरतात, ते शंकेचे कारण नव्हे. खूण आहे ती दिव्याची. एका वेळी एकच दिवा लागला पाहिजे.

मागे कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या संगणकांत पुढे एक वेगळी युक्ती रूढ झाली. तेथे सर्व ड्राइव्हना एकच क्रमांक देऊन केबलमधीलच काही तारांना पीळ घातलेला असे, आणि त्या पिळामुळे पहिला-दुसरा हा भेद होई. त्या जातीची पिळाची केबल बीबीसी मायक्रोला चालत नाही. येथे सरळ केबलच हवी. तसेच त्या संगणकांतून काढलेला १.२ मेगाबाइटचा सव्वापाच इंची ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेरे घेतो. ह्या यंत्राला ३०० फेऱ्यांचा ड्राइव्ह लागतो. दिसण्यात दोन्ही सारखेच असल्यामुळे विकत घेताना विचारून घ्यावे.

क्रमांकाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे केबलचा शेवट. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज तळावर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. तारेतून धावणारा विजेचा संकेतही उघड्या टोकाला पोचला की काही अंशी असाच माघारी फिरतो. ह्यासाठी केबलच्या अगदी शेवटच्या ड्राइव्हवर ‘टर्मिनेटर’ म्हणजे लहान रोधकांचा एक संच बसविलेला असतो. त्या काळच्या ड्राइव्हमध्ये तो साधारणतः १५० ओहमचा असे. तो संकेताला शेवटी सामावून घेतो. नियम असा की, हा संच शेवटच्याच ड्राइव्हवर असावा आणि मधल्या ड्राइव्हवरील काढून ठेवावा. दोन्हींवर राहिला तर संकेतावर दुप्पट ओझे पडून तो क्षीण होतो. एकावरही नसेल तर प्रतिध्वनी उठतो. दोन्ही प्रकारांत जोडणी पूर्णपणे बंद न पडता कधी चालते व कधी चालत नाही, आणि असला दोष शोधण्यात माणसाची संध्याकाळ जाते. काढलेला संच फेकू नये. लखोट्यात घालून, वर नाव लिहून त्याच ड्राइव्हजवळ ठेवावा.

क्रमांक आणि शेवट ह्या दोन्हींची व्यवस्था लागली म्हणजे यंत्रातील मांडणी जवळजवळ पुरी झाली. जुन्या ८२७१ चिपच्या यंत्रांत आणखी एक बारकावा आहे. कीबोर्डच्या मंडलपट्टीवर आठ लहान जोडण्यांची जागा असते. त्यांपैकी दोन, ड्राइव्हचे वाचक-टोक एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर किती वेगाने सरकवावे, हे ठरवितात. जुना, मंद ड्राइव्ह असेल तर मंद वेग ठेवावा. टोक सरकताना फार खडखडाट होत असेल किंवा वाचन वारंवार चुकत असेल, तर ही जागा आधी पाहावी.

ह्यापुढे प्रश्न येतो रेषांचा. डिस्कवरील मजकूर एकात एक अशा वर्तुळाकार रेषांवर लिहिलेला असतो. काही ड्राइव्ह एका बाजूस ४० रेषा आखतात, काही ८०. प्रत्येक रेषेचे दहा भाग, प्रत्येक भागात २५६ बाइट, असा हिशेब केला म्हणजे ४० रेषांच्या एका बाजूवर १,०२,४०० बाइट, अर्थात १०० किलोबाइट होतात. ८० रेषांवर २००. दोन्ही बाजू वापरणाऱ्या ड्राइव्हला डीएफएस दोन क्रमांक देते: शून्य क्रमांकाच्या ड्राइव्हची पाठ म्हणजे क्रमांक दोन, एक क्रमांकाच्या ड्राइव्हची पाठ म्हणजे क्रमांक तीन. एका बाजूवर ३१ नोंदी मावतात, आणि नोंदीच्या नावाला सात अक्षरांची मर्यादा आहे.

चाळीस आणि ऐंशी ह्यांचा भेद शेतीच्या भाषेत सांगता येईल. रुंद फाळाने चाळीस तास काढलेल्या शेतात अरुंद फाळ घेऊन गेलो, तर एकाआड एक पावले टाकून त्याच तासांवरून चालता येते. म्हणून ८० रेषांचा ड्राइव्ह, त्याला ४०-८० असा खटका असल्यास, ४० रेषांची डिस्क नीट वाचू शकतो. परंतु त्याच अरुंद फाळाने जुन्या रुंद तासात पुन्हा नांगरले, तर मधली पट्टी नवी होते आणि दोन्ही कडा जुन्याच राहतात. ती डिस्क पुढे ४० रेषांच्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याच्या रुंद टोकाखाली नवे व जुने दोन्ही एकदम येतात आणि वाचन फसते. ह्यातून नियम निघतो तो असा: ८० च्या ड्राइव्हने ४० ची डिस्क वाचावी, तिच्यावर लिहू नये.

आता आज्ञा. डिस्क-व्यवस्थेच्या आज्ञांना आधी तारकेचे चिन्ह द्यावे लागते. तारका देऊन ‘कॅट’ टाइप केले की डिस्कवरील नोंदींची यादी पडद्यावर येते. तारका देऊन ‘ड्राइव्ह’ आणि पुढे आकडा दिला की त्या क्रमांकाच्या ड्राइव्हवर काम सुरू होते. नवी जोडणी तपासताना प्रथम शून्यावर ‘कॅट’ द्यावे, मग एकावर द्यावे. प्रत्येक वेळी योग्य तोच दिवा लागतो की नाही, हे पाहावे. कोरी डिस्क तयार करण्यासाठी ‘फॉर्म’ आणि पुढे ४० किंवा ८० अशी आज्ञा असते. जुन्या डीएफएसमध्ये ती वेगळ्या उपयुक्तता-डिस्कवर मिळे, नव्यात ती रॉममध्येच आहे. ही आज्ञा डिस्कवरील होते नव्हते ते सारे पुसून नव्या रेषा आखते. ‘बॅकअप’ ह्या आज्ञेने एका ड्राइव्हवरील डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्यावर निघते. प्रत कोठून कोठे काढावयाची, ह्यात आकड्यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरते. म्हणूनच ‘बॅकअप’च्या आधी ‘एनेबल’ ही संमतीची आज्ञा द्यावी लागते. तरीही खरा पहारा डिस्कवरच बसवावा. सव्वापाच इंची डिस्कच्या कडेला असलेली चौकोनी खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. साडेतीन इंची डिस्कवर ह्याच्या उलट आहे. तेथे कोपऱ्यातील भोक उघडे असेल तेव्हा ती सुरक्षित असते. जुनी डिस्क कोणतीही असो, ड्राइव्हमध्ये जाण्यापूर्वी तिचे लेखन बंद केलेले असावे.

आपल्याकडील, विशेषतः गोमंतकातील आणि किनाऱ्याच्या पट्ट्यातील दमट हवेचा विचार येथे करणे अगत्याचे आहे. पावसाळ्यामागून पावसाळे पाहिलेल्या डिस्कवर बुरशी धरते. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी डिस्क उजेडात धरून, मधल्या भोकातून हलकेच फिरवीत खिडकीतून तिचा पृष्ठभाग पाहावा. पांढरट ठिपके किंवा धूसर डाग दिसले, तर ती तशीच आत घालू नये. त्या डागांनी डिस्क खरवडली जाते, वाचक-टोक माखते, आणि त्याच टोकाने पुढची निरोगी डिस्कही बिघडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या मऊ, तंतू न सुटणाऱ्या बोळ्याने ती हळुवार पुसावी व पूर्ण वाळू द्यावी. वाचक-टोकही अधूनमधून ह्याच द्रवाने पुसावे.

जुने ड्राइव्ह आता मिळेनासे होत आहेत आणि त्यांतील रबरी पट्टे व मोटारी थकत चालल्या आहेत. ह्यावर लोकांनी उपायही काढले आहेत. ‘गोटेक’ नावाची एक पेटी नेमक्या त्याच ३४ तारांच्या केबलला लागते, वीजही तीच घेते, परंतु डिस्कच्या जागी तिच्यात यूएसबीची कांडी बसते. संगणकाला वाटते की आपण फ्लॉपीशीच बोलत आहोत. तिलाही क्रमांकाचा जंपर असतो, आणि जुन्या ड्राइव्हबरोबर एकाच केबलवर तिला लावले तर वर सांगितलेला वेगळ्या क्रमांकाचा नियम जसाच्या तसा लागू होतो. मग शून्यावर जुना ड्राइव्ह आणि एकावर ही पेटी अशी मांडणी करून ‘बॅकअप’ दिले, की चुंबकीय डिस्कवरील मजकूर काही क्षणांत कांडीवर उतरतो. ज्यांच्याजवळ संगणक नाही पण जुना ड्राइव्ह आहे, त्यांच्यासाठी आजच्या संगणकाला यूएसबीने जोडावयाच्या लहान पट्ट्याही मिळतात. त्या डिस्कवरील चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपून घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर ह्याच यंत्राच्या इतिहासात आहे. इंग्लंडचा राजा विल्यम ह्याने आपल्या राज्यातील गावांची, जमिनींची व गुराढोरांची मोजदाद करविली. १०८६ साली झालेली ती नोंद ‘डोम्सडे बुक’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली त्या निमित्ताने १९८६ मध्ये बीबीसीने नवे डोम्सडे तयार केले. शाळांतील मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, छायाचित्रे काढली. दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला. हे सारे बारा इंची लेसर तबकड्यांवर भरले गेले. त्या वाचण्यासाठी फिलिप्सचे खास यंत्र, अकॉर्नचा ‘मास्टर’ संगणक आणि त्या दोघांना जोडणारी विशेष यंत्रणा, असा सुमारे ५,००० पौंडांचा संच लागे. तो थोड्याच शाळांना परवडला. पुढे ते यंत्र बनणे थांबले, आणि २००२ च्या सुमारास तबकड्या असूनही त्या वाचता येणार नाहीत, अशी भीती जाणत्यांना वाटू लागली. लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील अभ्यासकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम रचून त्या पुन्हा वाचून दाखविल्या. २०११ साली बीबीसीने गावोगावची ती माहिती इंटरनेटवर सर्वांस खुली केली. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले. त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने जपली आहे. इकडे चामड्याच्या पानांवर शाईने लिहिलेले १०८६ सालचे मूळ पुस्तक त्याच दप्तरखान्यात सुखरूप आहे, आणि लॅटिन जाणणारा कोणीही ते आजही वाचू शकतो.

ह्यावरून कागद चांगला आणि यंत्र वाईट, असा निष्कर्ष आम्हांस काढावयाचा नाही. कागदाच्या एका वहीची दुसरी प्रत करण्यास लिहिणाऱ्याचे कित्येक दिवस जातात; डिस्कची प्रत क्षणात निघते आणि ती मुळाहून एका अक्षरानेही वेगळी नसते. हा तिचा मोठा गुण आहे. मात्र तो गुण वापरणाऱ्याच्या हाती आहे, आणि तोही वाचणारे यंत्र चालू आहे तोवरच. नव्या डोम्सडेला वाचविले ते तबकडीच्या टिकाऊपणाने नव्हे. वाचण्याची सोय उरली असताना कोणीतरी वेळीच तो मजकूर पुढच्या साधनावर नेला म्हणून तो वाचला.

म्हणून ज्यांच्या घरी अशा डिस्क असतील, मग त्या ह्या संगणकाच्या असोत वा दुसऱ्या, त्यांना आमचे सांगणे एवढेच. प्रथम डिस्क माळ्यावरून काढून कोरड्या डब्यात, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात. प्रत्येकीवर ती कोणत्या संगणकाची, किती रेषांची, आणि तिच्यावर काय आहे, हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मग ती चिठ्ठी चिकटवावी. डिस्कवरच बोरूने वा बॉलपेनने दाबून लिहू नये. जुना संगणक विकण्यापूर्वी किंवा मोडीत काढण्यापूर्वी त्याचा ड्राइव्ह, केबल, जंपर आणि टर्मिनेटर एकत्र ठेवावेत, कारण डिस्क वाचणारा जाणकार पुढे मिळेलही, पण त्या जातीचा ड्राइव्ह मिळेलच असे नाही. मग घरातील तरुण मुलांपैकी ज्याला ह्या विषयाची गोडी असेल त्याला हे काम द्यावे. त्याने आधी प्रत काढावी, ती प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि ती उघडते की नाही, हे वर्षातून एकदा पाहावे.

हे वर्षातून एकदा पाहणे सर्वांत सोपे, आणि नेमके तेच राहून जाते. धान्याची कणगी भरून झाकली तरी घरची गृहिणी मधूनमधून हात घालून दाणा चाखून पाहते. साठवणीचा हा नियम आपल्या घरांना नवा नाही. तो आता डिस्कच्या डब्यालाही लावावयाचा आहे.